फुगलेल्या डोक्यांचे कपॅसिटर

संगणक मध्येच बंद पडतो, निळ्या पडद्यावर मेमरीच्या नावाने काहीतरी लिहून येतं. मग काय, रॅम बदला, विंडोज फॉरमॅट करा, व्हायरसला शिव्या घाला! २००२ नंतरची काही वर्षं अनेकांनी हेच केलं. फॉरमॅटमध्ये फोटो गेले ते गेलेच. खरा चोर मात्र मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारीच उभा होता: कपॅसिटर.

प्रोसेसरला जाणारं व्होल्टेज स्थिर ठेवणं हे त्याचं काम. पण काही तैवानी कंपन्यांच्या कपॅसिटरांतलं पाणीमिश्रित इलेक्ट्रोलाइट सदोष निघालं. पाणी आतल्या अ‍ॅल्युमिनियमला खायचं, हायड्रोजन साठायचा, डोकं फुगायचं. (डोक्यावर खाचा असतात त्या स्फोटाऐवजी तिथून फाटावं म्हणून.) व्होल्टेज डगमगलं की चूक कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उमटायची, त्यामुळे संशय भलत्यावरच. कॅबिनेट उघडलं तर नुसत्या डोळ्यांनी दिसणारा दोष, पण उघडतो कोण?

चोरलेल्या अर्धवट फॉर्म्युल्याची कथा तेव्हा खूप गाजली. सिद्ध काहीच झालं नाही, आणि मला ती जरा फिल्मीच वाटते. असो. २००५ मध्ये एकट्या डेलने अशा ऑप्टिप्लेक्स संगणकांपायी ३० कोटी डॉलरचा खर्च दाखवला. पुढे मदरबोर्डच्या खोक्यांवर 'सॉलिड कपॅसिटर' असं मिरवणं सुरू झालं. त्यांच्यात द्रव नाहीच, घन पॉलिमर असतो.