नव्या नाण्यांची साठवण

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान पद्धतीची नाणी चलनात आली. १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै यांत विभागला जाणारा रुपया त्या दिवसापासून १०० नव्या पैशांचा झाला. एका आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे. तेव्हा तो पाव पैसा गिऱ्हाइकाने सोसावा की दुकानदाराने, हा प्रश्न उरलाच. मात्र काशाचा तो इवलासा, तांबूस, चकचकीत पैसा पाहून अनेकांचा हात खर्च करताना अडखळला. तो पैसा डब्यात गेला, कपाटात गेला, देव्हाऱ्यात गेला. पुढे त्याचे मोल वाढेल, अशी भावना त्यामागे होती. ती कितपत खरी ठरली, हे पाहण्यास आता पुरेसा काळ लोटला आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने ती खरी ठरली नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. २५ पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आणि डब्यातील नव्या पैशाला दर्शनी किंमतही उरली नाही. १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या मुद्रेचा रुपया व अर्धा रुपया निघाला. स्वतंत्र भारतातील हे पहिले स्मारक नाणे. साहजिकच ते लोकांनी आदराने जपले. परंतु ते कोट्यवधींच्या संख्येने पाडलेले होते, आणि जपणारेही तितकेच उदंड होते. जे सर्वांनी राखले ते दुर्मिळ होणार कसे? मुंबईच्या फोर्टात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तो रुपया आजही सहज मिळतो. उलट १९६४ मधला एक रुपया दरसाल ६ टक्के चक्रवाढीने ठेवला असता, तर ६० वर्षांत त्याचे सुमारे ३३ रुपये झाले असते. नाणे मात्र व्याज देत नाही.

मग दुर्मिळ होते ते कोणते नाणे? याचे उत्तर मोठे गमतीदार आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या नावाचा पहिला रुपया निघाला. बादशहाच्या वस्त्रावरील साखळीत एक हत्ती कोरलेला होता. पण त्याची सोंड इतकी आखूड उतरली, की लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. ओरड झाली, सरकारने नाणी परत घेतली, आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. सुमारे ९४ लाख नाणी पाडली गेली होती. त्यांपैकी जेमतेम ७ लाख लोकांच्या हाती पोचली, उरलेली वितळली. १९३९ सालच्या रुपयाची हकीकतही अशीच. तो मुंबईच्या टांकसाळीत पडला खरा, पण आज त्याचे फारच थोडे नमुने आढळतात आणि संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. या दोन्ही वेळी कमतरता निर्माण झाली ती टांकसाळीत व भट्टीत. खुर्दा मोजणाऱ्या माणसाला तिची चाहूल लागणे शक्यच नव्हते.

साठवणीचा शहाणपणा एकदा मात्र खरोखरीच फळाला आला. १९४० पर्यंत रुपया एक तोळा वजनाचा असे आणि त्याच्या १२ भागांपैकी ११ भाग शुद्ध चांदी असे. महायुद्धाचे सावट पडताच लोकांनी रुपये दाबून ठेवण्यास आरंभ केला. त्यामुळे १९४० मध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. त्याच वर्षी रुपयातील चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ मध्ये तर रुपया निकेलचा झाला. ज्यांच्या हंड्यात जुने रुपये राहिले त्यांचा लाभ झाला, यात शंका नाही. परंतु त्यांनी राखली ती चांदी. नाणे नवे की झिजलेले, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. आजच्या पोलादी नाण्याकडून तशी अपेक्षा कोणी बाळगू नये. शिवाय कायदाही आडवा येतो. वितळवण्यासाठी, किंवा दर्शनी किमतीहून निराळ्या भावाने विकण्यासाठी, वाजवी गरजेपेक्षा बरीच अधिक नाणी बाळगणे हा २०११ च्या नाणे अधिनियमान्वये गुन्हा आहे. थैल्या भरून ठेवणाऱ्याने हे विसरू नये.

असे असले तरी ही साठवण निरर्थक म्हणता येणार नाही. तिचा अर्थ निराळ्या ठिकाणी आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात नहपानाची. पण त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. एका राजाची सत्ता गेली व दुसऱ्याची आली, हा इतिहास त्या धातूवरच उमटलेला होता. ज्याने ते धन पुरले त्याला इतिहासाशी देणेघेणे नसेल. हाती आले तसे त्याने ठेवले, आणि न निवडता ठेवले म्हणूनच तो पुरावा इतका बोलका झाला.

घरातल्या लहानशा डब्यालाही हे मोल येऊ शकते. १ जून १९६४ पासून ‘नया पैसा’ यातील ‘नया’ हा शब्द गळाला. दोन्ही नाणी शेजारी ठेवली की तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याच वर्षी आलेला ॲल्युमिनियमचा षट्कोनी तीन पैसा, १९६८ चा कमळाचा पितळी वीस पैसा (कमळामुळे तो लक्ष्मीपूजनाच्या ताटात जाऊन बसला), ही सगळी रुपयाच्या घसरत्या किमतीची नोंदच आहे. सालाखाली लहानसा चौकट-हिरा असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. प्रत्येक साली प्रत्येक टांकसाळीचे एकेक नाणे, हाती आल्याची तारीख लिहिलेल्या साध्या कागदात गुंडाळून ठेवले, तर त्यास खर्चही फारसा येत नाही. मात्र दिवाळीच्या भांड्यांबरोबर ते चिंचेने घासून लख्ख करण्याचा मोह आवरावा लागतो. घासलेल्या नाण्याचे बारकावे पुसतात, आणि जाणकार ते हातात घेऊन लगेच खाली ठेवतो.

दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. ते २००९ मध्ये चलनात आले. २०१० मध्ये रुपयाला नवे चिन्ह मिळाले आणि पुढच्या नाण्यांवर ते उमटले. किरणांसारख्या रेषांची संख्याही बदलली. तेवढ्यावरून एक नमुना खरा व दुसरा खोटा अशी आवई उठली, आणि कित्येक ठिकाणी दुकानदार व वाहनचालक ते नाणे घेईनात. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले, की या नाण्याचे १४ नमुने निघालेले आहेत आणि ते सर्व ग्राह्य आहेत. दरसाल एकेक नाणे बाजूला टाकत आलेल्या माणसाला त्यासाठी पत्रकाची वाट पाहावी लागली नाही; ते नमुने, आपापल्या सालासह, त्याच्या डब्यात होते.