आधी वाचून दाखव

दलितांविषयीचे पुष्कळसे लेखन बाहेरून झाले. अलेक्झांडर रॉबर्टसन या मिशनऱ्याने १९३८ साली महारांवर ग्रंथ लिहिला. लिहिणारा तो, लिहिले गेलेले आपण. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हे नाते बदलले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्या स्वतः जाऊन भेटल्या. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' आले.

नाशिकच्या आमच्या व्हॉट्सॲप गटात मी सभासद आधी, अभ्यासक नंतर. दर २ मार्चला तिथे १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची छायाचित्रे फिरतात. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, ते योग्यच. पण सत्याग्रहात स्त्रियाही होत्या, त्यांची नावे फिरत नाहीत. एकदा एका आजींनी आपला आवाज नोंदवून पाठवला: माझी आई तिथं होती. खाली 'जय भीम'ची रांग लागली, प्रश्न एकही नाही. मीही न विचारता ते वहीत उतरवून घेतले. म्हणजे मीही रॉबर्टसनच झालो की!

आठवड्याने त्यांच्या घरी गेलो, लिहू का म्हणून विचारले.

"लिही. पण आधी मला वाचून दाखव."

पहिल्याच पानावर त्यांनी थांबवले.

"'आईनं सोसलं' असं नको. 'आई भांडली' असं लिही."