नाताळचीं माझीं आवडतीं गाणीं



डिसेंबर महिना अर्धा सरला कीं बाजारांतून व नभोवाणीवरून नाताळचीं गाणीं कानीं पडूं लागतात. ज्या घरीं हा सण होत नाहीं, त्या घरच्या मुलांनाही त्यांपैकीं दोनचार पाठ असतात. यंदा माझ्या नातवंडांनीं मला फर्मावलें कीं, आजोबांनीं आपल्या आवडीचीं नाताळगीतें निवडून द्यावीं, म्हणजे तीं ओळीनें लावून ठेवतां येतील. जन्मभर इतिहास शिकविलेल्या मास्तराच्या हातीं निवड दिली, तर तो गाणें ऐकण्याआधीं त्याची कुळकथा विचारणार, हें त्यांनीं ओळखावयास हवें होतें. तेव्हां ही यादी केवळ कानानें केलेली नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

पहिला मान 'सायलेंट नाइट' या गाण्याचा. तें मूळचें जर्मन. तें ज्या काळांत जन्मलें तो ध्यानांत घेतल्यावांचून त्यांतल्या शांततेचें मोल कळत नाहीं. नेपोलियनच्या लढायांनीं साल्झबुर्गचा मुलूख पार नागवला होता. पूर्वीं स्वतंत्र असलेलें तें धर्मपीठाचें राज्य या हातांतून त्या हातांत जात जात १८१६ सालीं ऑस्ट्रियाच्या पदरीं पडलें व साल्झाख नदी ही सरहद्द ठरली. अलीकडचें लाउफेन गांव बव्हेरियांत राहिलें आणि पैलतीरावरची त्याचीच वस्ती, ओबर्नडॉर्फ, ऑस्ट्रियांत गेली. त्यांतच आदल्या वर्षीं पूर्वेकडील बेटांत तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झालेला. त्यामुळें १८१६ सालीं युरोपांत उन्हाळा असा पडलाच नाहीं. पिकें बुडालीं व लोक अन्नाला महाग झाले. त्या वर्षीं मारियाफार नांवाच्या डोंगरी गांवीं योझेफ मोर या तरुण पाद्र्यानें सहा कडव्यांची एक कविता लिहिली. मोर हा एका गरीब अविवाहित बाईचा मुलगा. बाप सैन्यांतला शिपाई, तो तिला सोडून गेलेला.

पुढें मोर ओबर्नडॉर्फच्या सेंट निकोलस चर्चमध्यें आला. २४ डिसेंबर १८१८ रोजीं त्यानें ती कविता फ्रान्झ ग्रूबर याच्या हातीं दिली आणि दोन आवाज व गिटार यांना साजेशी चाल मागितली. ग्रूबर हा जवळच्या आर्न्सडॉर्फचा शाळामास्तर. चर्चमध्यें ऑर्गन वाजविणें हें त्याचें जोडकाम. (पगारांत मास्तराचें भागत नाहीं ही गोष्ट तेवढी जुनी आहे तर!) त्यानें त्याच दिवशीं चाल बसविली आणि रात्रीं दोघांनीं ती गाइली. मोर वरच्या सुरांत गाई व गिटार वाजवी. ग्रूबर खर्जांत साथ करी.

उंदरांनीं ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून ऐन वेळीं गिटार घ्यावी लागली, अशी एक गोड कथा सर्वत्र सांगतात. मुलांना ती जरूर सांगावी. पण ग्रूबरनें स्वतः लिहून ठेवलेल्या हकीकतींत उंदरांचा मागमूस नाहीं.

ही हकीकत त्याला लिहावी कां लागली, हें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. कार्ल माउराखर नांवाच्या ऑर्गन बांधणाऱ्या कारागिरानें हें गाणें आपल्या झिलरताल खोऱ्यांत नेलें. तेथल्या स्ट्रासर कुटुंबाचा हातमोजे विकण्याचा धंदा. तीं भावंडें जत्रेच्या निमित्तानें लाइप्झिगला जात व तेथें गात. राइनर कुटुंबानें तें १८३९ सालीं अमेरिकेंत, न्यूयॉर्क येथें, गाइलें. अशा रीतीनें गाणें जगभर गेलें, पण कर्त्यांचीं नांवें गांवींच राहिलीं. तें टिरोलकडचें लोकगीत असें छापलें जाऊं लागलें; कोणी तें मिखाएल हायडन या नामांकित संगीतकाराच्या नांवावरही घातलें. १८५४ सालीं बर्लिनच्या राजदरबारांतील गायकवृंदानें साल्झबुर्गकडे याचा खुलासा मागितला. हा पत्रव्यवहार ग्रूबरच्या मुलाच्या द्वारें बापापर्यंत पोंचला, आणि सदुसष्ट वर्षांच्या त्या मास्तरानें ३० डिसेंबरला शांतपणें लिहून दिलें कीं कविता मोरची व चाल माझी. मोर सहा वर्षांपूर्वींच, १८४८ मध्यें, वाग्राइन येथें निर्धन स्थितींत वारला होता.

एवढ्यानेंही सर्वांचें समाधान झालें नाहीं. अखेर १९९५ सालीं खुद्द मोरच्या हातचा एक कागद सांपडला. त्यावर खालीं कवितेचें साल १८१६ व आपलें नांव, आणि वरच्या कोपऱ्यांत चालीचा कर्ता म्हणून ग्रूबरचें नांव, असें त्यानें स्वच्छ लिहिलेलें आहे. मित्राचें नांव लिहावयास तो चुकला नाहीं, म्हणून वाद मिटला. मूळचें चर्च नदीच्या पुरांनीं खिळखिळें होऊन पाडावें लागलें; त्या जागीं आज एक लहानसें स्मारकमंदिर आहे, तें १९३७ मध्यें पुरें झालें.

दुसरें गाणें 'हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग'. याची गंमत निराळी. शब्द चार्ल्स वेस्ली याचे, १७३९ सालचे. त्यांची पहिली ओळ पुढें जॉर्ज व्हाइटफील्ड यानें बदलली. चाल मेंडेल्सझोनची, पण ती त्यानें १८४० सालीं लाइप्झिग येथें मुद्रणकलेच्या चारशे वर्षांच्या उत्सवासाठीं, गुटेनबर्गच्या गौरवार्थ रचली होती! तिला आनंदी, लौकिक शब्द शोभतील, धार्मिक मुळींच नव्हेत, असें तो स्वतः म्हणे. तो १८४७ मध्यें वारला, आणि १८५५ सालीं विल्यम कमिंग्स नांवाच्या इंग्रज गायकानें नेमका धार्मिक शब्दांशींच तिचा विवाह लावून दिला. संसार उत्तम चालला आहे. कर्त्याला आपल्या कृतीचें सर्वच कळतें असें नाहीं.

तिसरें फ्रेंच 'मिन्वी क्रेतियाँ'. १८४७ सालचें हें गीत प्लासीद कापो या दारूच्या व्यापाऱ्यानें लिहिलें व आडोल्फ आडाम यानें त्याला चाल दिली. बोस्टनच्या ड्वाइटनें १८५५ सालीं त्याचें इंग्रजी रूप केलें. गुलाम हा आपला भाऊ आहे, असा आशय त्यांत आहे. आणि अमेरिकेंतली गुलामगिरी उठावयास तेव्हां दहा वर्षें अवकाश होता. बाजारांत हें गाणें वाजतें तेव्हां तें कडवें बहुधा गाळलेलें असतें. माझ्या यादींत तें त्या कडव्यासह हवें.

'जिंगल बेल्स' मीं घेतलेलें नाहीं. १८५७ सालच्या या पियरपाँटच्या गाण्यांत नाताळचें नांवही नाहीं. बर्फावरच्या घोडागाडीची ती मौज आहे. मुलांनीं तें खुशाल म्हणावें.

'व्हाइट ख्रिसमस' मात्र घेतों. रशियांतून लहानपणीं अमेरिकेंत आलेल्या अर्विंग बर्लिन या यहुदी गृहस्थाची ही रचना. त्याचें तान्हें मूल १९२८ सालीं नेमकें नाताळच्या दिवशींच वारलें होतें, हें कळल्यापासून त्या संथ चालीकडे मला निराळ्या कानानें पाहावें लागतें. बिंग क्रॉस्बीनें तें प्रथम २५ डिसेंबर १९४१ रोजीं नभोवाणीवर गाइलें. अमेरिका युद्धांत उतरून तीन आठवडेही झाले नव्हते. घरापासून दूर असलेल्या शिपायांनीं पुढें तें उचलून धरलें, यांत नवल तें काय?

नभोवाणीचाच विषय निघाला, म्हणून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची नाताळ उपासना सांगितली पाहिजे. पहिलें महायुद्ध संपतांच १९१८ सालीं ती सुरू झाली, आणि १९२८ पासून, १९३० चें एक वर्ष वगळतां, बी. बी. सी. वरून ऐकविली जात आहे. आरंभीं एकच मुलगा साथीवांचून गातो. इतका वेळ मीं बोलत आहें, पण त्या एका कोवळ्या आवाजाची बरोबरी व्याख्यानाला येणार नाहीं.

शेवटीं आपल्या भाषेकडे वळूं. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजांनीं दिलेला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें मराठी ख्रिस्ती मंडळी नेहमीं गातात, त्यांतलें एक मीं घेतलेंच आहे. पण सर्वांच्या शेवटीं मला ओव्या हव्यात. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. येशूचा जन्म त्यांत मराठी पुराणाच्या थाटानें वर्णिला आहे. त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांवरून तें वांचलें, व १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हा छापलें गेलें. या ओव्यांची तबकडी नातवंडांना मिळाली नाहीं, तरी अडचण नाहीं. ओवीची चाल घरांत आहे. त्या मीं स्वतःच म्हणून दाखवीन.