शिन फेन, स्वराज्य आणि आपण

‘शिन फेन’ हे आयर्लंडमधल्या राष्ट्रवादी पक्षाचे नाव. आपली वर्तमानपत्रे ते बहुधा ‘सिन फेन’ असे छापतात, पण आयरिश भाषेत ‘इ’च्या शेजारी आलेला ‘स’ तालव्य होतो, म्हणजे ‘श’ होतो. मराठी जिभेला ही सवय नवी नाही. एक असली तर म्हैस, अनेक झाल्या की म्हशी.

नावात शब्द दोनच. ‘शिन’ हे प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम; संस्कृतातल्या ‘नः’च्या गोतातले. ‘फेन’ म्हणजे स्वतः. दोन्ही जोडून अर्थ होतो ‘आम्ही स्वतः’. इथवर सोपे आहे. पण मराठी माणूस हा अर्थ लिहायला घेतो आणि लेखणी पहिल्याच शब्दाशी अडते. ‘आम्ही स्वतः’ लिहायचे की ‘आपण स्वतः’?

इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही, आयरिशलाही पडत नाही. मराठीला पडतो, कारण ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे असेल तर आपण ‘आम्ही’ म्हणतो आणि त्याला धरून बोलायचे असेल तर ‘आपण’. चाकणच्या कारखान्यात काम करणारा माणूस गावाकडच्या पाहुण्याला सांगतो, ‘आमच्या कंपनीत कँटीन चांगलं आहे.’ तोच माणूस पहिल्या पाळीला बसमध्ये शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला म्हणतो, ‘आपल्या कंपनीत यंदा बोनस कधी?’ कंपनी तीच, बोलणारा तोच. बदलला तो ऐकणारा, आणि त्याच्याबरोबर सर्वनामही बदलले. हा फरक आपण कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकातून शिकत नाही, तरी त्यात चूकही होत नाही.

दोन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत. ‘आम्ही’ आला प्राकृत ‘अम्हे’वरून, तो संस्कृत ‘अस्म-’ या सर्वनामावरून. तो पहिल्यापासून ‘आम्ही’च आहे. ‘आपण’ मात्र ‘आत्मन्’वरून आला. आत्मन्, अप्पा, अप्पण, आपण अशी ती वाट. म्हणजे ‘आपण’चा मूळ अर्थच ‘स्वतः’. ‘त्याने आपण होऊन सांगितले’ या वाक्यात तो अर्थ आजही जिवंत आहे. ज्यांची समाधी चाकणपासून जवळच आळंदीत आहे त्या ज्ञानदेवांच्या मराठीत ‘आपणपें’ हा शब्द स्वत्व, आत्मरूप या अर्थाने येतो. त्या ‘स्वतः’चे पुढे ‘तू आणि मी मिळून सगळे’ झाले. आयरिश माणसाला जे सांगायला दोन शब्द लागतात, ते मराठीत एका शब्दात आहे. शिवाय त्यात समोरचाही सामावलेला आहे.

शिन फेन पक्षाचा इतिहास ‘आम्ही’ की ‘आपण’ याच प्रश्नाभोवती फिरतो. आर्थर ग्रिफिथ हा डब्लिनचा पत्रकार. त्याने 28 नोव्हेंबर 1905 रोजी ‘शिन फेन’ धोरण मांडले. आयरिश खासदारांनी लंडनच्या पार्लमेंटात बसू नये, मायदेशी आपली सभा भरवावी, आपले उद्योग उभारावेत, आपली भाषा बोलावी. ज्या साली ग्रिफिथ हे बोलत होता, त्याच साली बंगालच्या फाळणीवरून आपल्याकडे स्वदेशी आणि बहिष्काराचा वणवा पेटला. गांधीजींनी 1907 साली दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या वृत्तपत्रात या चळवळीची ओळख करून दिली, तेव्हा तिला सरळ आपल्या स्वदेशीच्या पंक्तीला बसवले.

मराठीत मात्र ‘स्व’ची परंपरा त्याहून फार जुनी. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेसमोर चाकणचा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला, तेव्हा मावळात जे आकाराला येत होते त्याला आपण स्वराज्य म्हणतो. पुढे हा शब्द दफ्तरात रुळला. 1719 साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून ज्या सनदा आणल्या, त्यांत चौथाई आणि सरदेशमुखीबरोबर तिसरी होती स्वराज्याची. तिथे ‘स्वराज्य’ म्हणजे शिवाजी महाराजांच्या ताब्यातला मुलूख. त्याला सीमा होत्या, महसूल होता. टिळकांनी हा शब्द उचलला तेव्हा त्याच्यामागे असा जमिनीचा, जमाबंदीचा इतिहास उभा होता.

‘स्वदेशी’ही बंगालच्या आधी पुण्यात अंगावर दिसत होती. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, 1877च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताचे कपडे घालून गेले होते. चिंचवड ओलांडून लोणावळ्याच्या दिशेने गेले की लागणाऱ्या तळेगाव दाभाड्यात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना अशी की, माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी धंदा उभारायचा. आज चाकण आणि तळेगावच्या रस्त्यावर कंटेनरांची रांग लागते. या पट्ट्यात उद्योगाचे बी लोकांच्या एकेका पैशातून पडले होते, हे तिथून जाताना आठवावे असे मला मनापासून वाटते.

‘बॉयकॉट’ हा शब्द तर आयर्लंडनेच जगाला दिला. 1880 साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या, एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी सगळे व्यवहार तोडले आणि त्याच्या आडनावाचेच क्रियापद झाले. आपल्याकडे त्याला ‘बहिष्कार’ हा शब्द तयार होता. पण तो आला होता जातीच्या पंगतीतून आणि ग्रामण्यातून. गावकीची भाषा त्याला वाळीत टाकणे म्हणे. टिळकांनी तो परक्या मालाकडे आणि परक्या सत्तेकडे वळवला. इथे शब्दाची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समोर ठेवली. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा, 1927 साली ‘बहिष्कृत भारत’. सरकारवर बहिष्कार घालणारा समाज स्वतः कोणाला बहिष्कृत ठेवून आहे, हा सवाल त्या दोन नावांतच आहे.

आता 1916च्या एप्रिलकडे या. 24 तारखेला डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. त्याच आठवड्यात, 28 तारखेला, बेळगावात टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. ‘होमरूल’ हे नाव आयरिश राजकारणातले, साम्राज्यात राहून घरचा कारभार मागणारे. ते बेळगावात नवे म्हणून घेतले जात होते, त्याच दिवसांत डब्लिनच्या रस्त्यांवर ते जुने ठरत होते. त्या उठावात पक्ष म्हणून शिन फेनचा हात नव्हता, पण ब्रिटिशांनी त्यावर तेच नाव चिकटवले आणि नावाचे भाग्य फळफळले. डिसेंबर 1918च्या निवडणुकीत आयर्लंडच्या 105 जागांपैकी 73 शिन फेनने जिंकल्या आणि जानेवारी 1919मध्ये डब्लिनला स्वतःची सभा भरवली.

विरोधकांनी या नावाचा इंग्रजी अर्थ ‘फक्त आम्ही’ असा पसरवला. ‘फक्त’ मूळ नावात नाही. तो ‘शिन फेन अवॉन’ या घोषणेत येतो. मराठीत तेवढे काम एक ‘च’ करतो: आम्ही आणि आम्हीच. पण भीती निव्वळ अपप्रचाराची नव्हती. अल्स्टरमधल्या प्रॉटेस्टंटांना त्या नावात ‘आपण’ ऐकू आलाच नाही, ‘आम्ही’च ऐकू आला. 1921 साली बेट दुभंगले आणि ईशान्येचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. आंबेडकरांनी आपल्या लिखाणात आयरिश नेता रेडमंड आणि अल्स्टरचा कार्सन यांच्यातला प्रसंग पुन्हा पुन्हा दिला आहे. रेडमंड हवी ती संरक्षणे देऊ करतो आणि कार्सन ती धुडकावतो, कारण त्याला तुमचे राज्यच नको असते. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की, भारतातले अल्पसंख्य आणि अस्पृश्य इतके टोकाला गेलेले नाहीत. ते संरक्षणे मागत आहेत, तर ती द्या. स्वराज्यातला ‘स्व’ कोणाचा, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता. चाकण-तळेगावच्या याच पट्ट्यात, देहूरोडला, 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली.

त्याच 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. देशाच्या मालकीची, पेनिसिलीन इथेच तयार करणारी. लोक तिला ‘एच. ए.’ म्हणतात. ‘स्वदेशी’चा अर्थ अंगावरच्या कापडापासून औषधाच्या बाटलीपर्यंत आला होता. आणि तिच्या कॉलनीत, पिंपरीच्या निर्वासित वसाहतीत, पुढे आकुर्डी, भोसरी आणि चाकणच्या खोल्यांमधून मराठवाडा, विदर्भ, सिंध, केरळ, बिहार इथली माणसे ‘आपल्या कंपनीत’ म्हणू लागली होती. आज त्याच फाटकातून पर्मनंट आणि कंत्राटी दोघेही आत जातात. भूमिपुत्रांना नोकऱ्या हव्यात, ही मागणी न्याय्य आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा हक्क पहिला आहे. पण त्या मागणीतही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतले एक सर्वनाम निवडावेच लागते.

आयर्लंडला ही निवड शिकायला फार रक्त सांडावे लागले. 1998च्या शांतता करारात त्या सहा परगण्यांच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या, माणसाला स्वतःला आयरिश म्हणवण्याचा, ब्रिटिश म्हणवण्याचा किंवा दोन्ही म्हणवण्याचा हक्क मान्य झाला. फेब्रुवारी 2024मध्ये शिन फेनच्या मिशेल ओ’नील तिथल्या फर्स्ट मिनिस्टर झाल्या, त्या ब्रिटनवादी पक्षाच्या सहकाऱ्याबरोबर समान अधिकार वाटून घेऊन. नाव शंभर वर्षांपूर्वीचेच, पण आता त्याला समोरच्यासह कारभार करावा लागतो.

म्हणून मला विचाराल तर ‘शिन फेन’चे मराठी ‘आपले आपण’ असे करावे. ग्रिफिथच्या मनात तोच अर्थ होता असा माझा दावा नाही. स्वराज्य असो, स्वदेशी असो की चाकणच्या फाटकावरची मागणी, ‘स्व’ने सुरू होणारा कुठलाही शब्द टिकायचा असेल तर त्याला ‘आपण’चाच अर्थ द्यावा लागतो, आणि तो अर्थ देण्याचे साधन मराठीने आपल्या हातात आधीच ठेवले आहे.