मेमरी कार्ड 'फॉरमॅट करा' म्हणतंय? बटण दाबण्याआधी हे वाचा

लग्न होऊन आठ दिवस झालेले. हळदीचे, वरातीचे सगळे फोटो आणि व्हिडिओ मोबाईलच्या मेमरी कार्डात. कार्ड काढून शेजारच्या पोराच्या कम्प्युटरला लावलं, तर स्क्रीनवर मेसेज आला : ही डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं. आपल्याला वाटतं, दाबलं की उघडेल. आणि घाईत तेच दाबलं जातं. कार्ड उघडतंही, पण आत काहीच नसतं.

मेसेज आला तेव्हा फोटो बहुतेक वेळा शाबूत असतात. घोळ पुढच्या पाच मिनिटांत होतो.

कार्डाच्या आत नेमकं काय बिघडतं?

मेमरी कार्ड म्हणजे गोदाम समजा. आत मालाच्या थप्प्या आहेत आणि दारात एक वही आहे. कोणाचा माल कुठल्या थप्पीत, ते वहीत लिहिलेलं. मोबाईल किंवा कम्प्युटर आधी वही बघतो, मग माल काढतो. मोबाईल चालू असताना कार्ड ओढून काढलं, कॉपी चालू असताना लाईट गेली, की ही वही खराब होते. वही वाचता आली नाही की कम्प्युटर म्हणतो, नवीन वही घालू का? फॉरमॅट करा म्हणजे तेच. पोती मात्र जागेवरच असतात.

फाईल डिलीट केली तरी असंच. वहीतली ओळ खोडली जाते, माल लगेच जात नाही. पण त्या मोकळ्या दाखवलेल्या जागेवर दुसऱ्याची पोती रचली, म्हणजे त्याच कार्डावर नवीन फोटो काढले, की जुना माल कायमचा गेला. म्हणून पहिलं काम : ते कार्ड वापरणं बंद. एकही नवा फोटो नको. कम्प्युटरने 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तर त्यालाही आधी 'नाही' म्हणा, कारण ते दुरुस्तीच्या नावाखाली कार्डावर लिहितं.

मग साध्या गोष्टी करा. मोबाईल बंद करून कार्ड काढा, सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा. दुसरा कार्ड रीडर लावून बघा. स्वस्तातले रीडर स्वतःच खराब असतात आणि नाव कार्डाचं बदनाम होतं. दुसऱ्या कम्प्युटरवरही बघा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. काही अँड्रॉइड मोबाईलमध्ये कार्ड टाकताना 'इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरायचं का' असं विचारतात. तेव्हा 'हो' म्हटलं असेल, तर ते कार्ड त्या एकाच मोबाईलला कुलूपबंद होतं. दुसरीकडे कुठेही लावलं तरी 'फॉरमॅट करा' असाच मेसेज येणार. कार्ड चांगलं असतं! परत त्याच मोबाईलमध्ये टाका, फोटो दिसतील. तिथूनच केबलने कॉपी करून घ्या. आणि असा मोबाईल रिसेट मारायच्या आधी फोटो बाहेर काढाच. रिसेट झाला की कुलपाची किल्ली गेली, मग कोणीही ते कार्ड उघडू शकत नाही.

यातलं काही लागू पडलं नाही तर 'फोटोरेक' नावाचा प्रोग्राम आहे, फुकट मिळतो. दिसायला अगदी जुनाट, पण काम चोख. तो वहीकडे बघतच नाही, सरळ थप्प्या चाळून फोटो ओळखतो. म्हणून फाईलची नावं आणि तारखांची फोल्डर मात्र परत मिळत नाहीत, सगळं नंबराने येतं आणि बसून लावावं लागतं. मोठे व्हिडिओ कधी कधी तुटके येतात, फोटो जास्त चांगले येतात. लक्षात ठेवायची एकच गोष्ट : निघालेले फोटो कम्प्युटरच्या डिस्कवर सेव्ह करा, त्याच कार्डावर नाही.

फॉरमॅट आधीच झालंय? विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'वर टिक असेल, तर फक्त वही बदललेली असते, आशा आहे. टिक काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल, तर विंडोज सगळ्या कार्डावर शून्य लिहून काढतो. मग वेळ घालवू नका. दुकानात दिलंत तरी पैसे देण्याआधी हा प्रश्न विचारा.

मोबाईलमधून डिलीट झाले तर?

मोबाईलच्या स्वतःच्या मेमरीचं गणित वेगळं. तिथला डेटा कुलूपबंद स्वरूपात असतो, त्यामुळे 'डिलीट फोटो रिकव्हरी' म्हणून जी ॲप मिळतात ती बहुतेक वेळा बारीक, धूसर नमुने दाखवतात आणि जाहिराती जास्त. आधी गॅलरीतली कचरापेटी बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो 'बिन'मध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप नसलेला ३० दिवस. गुगलच्या खात्यात फुकटची जागा १५ जीबी आहे. त्यात ईमेल आणि ड्राइव्हही धरतात, त्यामुळे ती भरली की बॅकअप गुपचूप थांबलेला असतो. एकदा तपासून घ्या.

आणि सगळ्यात सोपा उपाय : तो फोटो कोणाकोणाला पाठवला होता? पाव्हण्याच्या मोबाईलमध्ये असतो.

फ्लेक्सवर फोटो धुरकट का येतो?

घरात कोणी गेलं की श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधायची वेळ येते, आणि मिळतो तो व्हॉट्सअॅपचा डीपी. तो इतका लहान असतो की दहा फुटांच्या फ्लेक्सवर चेहराच ओळखू येत नाही. घरच्यांना ते फार लागतं.

व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून ग्रुपवर, मग मूळ फोटोतलं बरंच गळालेलं असतं. ज्याच्या मोबाईलने फोटो काढला त्याच्याकडूनच मागा, आणि त्याला सांगा, 'डॉक्युमेंट म्हणून पाठव'. पिनच्या खुणेवर दाबून 'डॉक्युमेंट' निवडलं की फाईल जशीच्या तशी येते. अशी २ जीबीपर्यंतची फाईल जाते, म्हणजे व्हिडिओही पाठवता येतो. 'एचडी' बटण दाबलं तर साध्यापेक्षा बरं, पण मूळ फोटो नव्हे. फ्लेक्सवाल्यालाही डॉक्युमेंटच पाठवा.

घरात म्हाताऱ्या माणसांचा एखादा चांगला, मोठा फोटो आत्ताच जपून ठेवा. बोलायला बरं वाटत नाही, पण वेळेला सापडत नाही हे खरं.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला : आवाज येतो, चित्र नाही

फाईलच्या नावाशेवटी एमपी-फोर लिहिलेलं असतं, तरी एक फाईल चालते आणि दुसरी नाही. एमपी-फोर ही नुसती पिशवी आहे. आतला व्हिडिओ जुन्या एच.२६४ पद्धतीचा असेल तर जवळजवळ सगळे टीव्ही चालवतात. नवीन मोबाईल जागा वाचवायला एच.२६५ पद्धतीने शूटिंग करतात, ते जुन्या एलईडी टीव्हीला कळत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर आवाजाची पद्धत टीव्हीला कळत नाही असं समजा.

उपाय दोन. पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद करून शूटिंग करा. झालेला व्हिडिओ कम्प्युटरवर 'हँडब्रेक' या फुकटच्या प्रोग्रामने एच.२६४ मध्ये बदलून घ्या, जुन्या कम्प्युटरला वेळ लागेल. नुसतं नाव बदलून काही होत नाही. आणि मूळ फाईल पुसू नका.

पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा, तरी लग्नाची फिल्म कॉपी होत नाही? पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीचा असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट केला की बसते (आतलं आधी बाहेर काढून, हे सांगायला नकोच), पण जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. अशा वेळी शूटिंगवाल्यालाच फिल्मचे दोन-तीन भाग करून द्यायला सांगा.

लग्नाच्या जुन्या सीडी-डीव्हीडी असतील तर त्या 'व्हीएलसी' प्लेअरमध्ये चालतात, चकतीवरच्या त्या विचित्र नावांच्या फायलींसकट. चकती मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. एकदा कम्प्युटरमध्ये कॉपी करून घ्या, कारण नवीन लॅपटॉपला चकतीचं तोंडच नसतं.

झेरॉक्सच्या दुकानातून आल्यावर पेन ड्राइव्हात नुसते शॉर्टकट

हा व्हायरस जुना आहे, पण अजून फिरतो. सगळ्या फोल्डरच्या जागी बाणाची खूण असलेले शॉर्टकट दिसतात. त्यावर डबल क्लिक करू नका, त्यानेच तो तुमच्या कम्प्युटरमध्ये शिरतो. फायली गेलेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत. विंडोजच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवा, आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा' यावरची टिक काढा. खरे फोल्डर फिकट दिसायला लागतील, कधी बिननावाच्या एखाद्या फोल्डरात सगळे सापडतात. ते कॉपी करून घ्या, कम्प्युटरला अँटीव्हायरसने तपासा, आणि मगच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. प्रिंट काढायला जाताना शक्यतो फक्त ती एक फाईल असलेला वेगळा पेन ड्राइव्ह न्या, सगळ्या घरादाराचे फोटो असलेला नाही.