निजामी राज्याची भाषा आणि तिचे ओझे

हैदराबाद संस्थानाचा विषय निघाला की आपली चर्चा रझाकार, पोलीस ॲक्शन आणि 17 सप्टेंबर 1948 यांच्याभोवती फिरते. ते साहजिकच आहे. पण या राज्यापुढे आणखी एक प्रश्न होता. आज चोवीस अधिकृत भाषा सांभाळणाऱ्या युरोपीय संघापुढे तो आहे आणि स्वतंत्र भारतापुढेही तो कायम आहे: वेगवेगळ्या भाषांचे लोक एका राज्यात आले तर कारभार कुठल्या भाषेत करायचा? संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांतले आठ तेलंगणात, पाच मराठवाड्यात आणि तीन कर्नाटकात. दर शंभर माणसांत अठ्ठेचाळीसच्या आसपास तेलुगू बोलणारे, सव्वीस मराठी, बारा कन्नड आणि दहा ते बारा उर्दू. नांदेड हा जिल्हा होता, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. म्हणजे आजचे नांदेड आणि लातूर हे जिल्हे तिन्ही भाषांच्या शिवेवरच बसलेले. अशा राज्याने शेवटी उर्दू निवडली आणि ती निवड फसली, हे सर्वांना मान्य आहे. का फसली याचे जे उत्तर दिले जाते, ते मात्र मला अपुरे वाटते. उर्दू परकी होती किंवा अल्पसंख्याकांची होती म्हणून ती फसली, असे म्हटले जाते. माझ्या मते ती शिकण्याचे ओझे एकाच बाजूला पडले आणि ते थेट तालुक्यापर्यंत आणि शाळेपर्यंत उतरले, म्हणून ती फसली.

हे नीट कळायला आधी फारसीकडे पाहावे लागते. बहमनींपासून निजामापर्यंत दख्खनच्या दरबारांची भाषा फारसी होती आणि ती इथल्या कुणाचीच घरची भाषा नव्हती. दरबारातल्या दख्खनी मुसलमान सरदारालाही ती मौलवीपुढे बसून शिकावी लागे आणि कायस्थ मुनशालाही. शिवाय ती फार खाली येत नसे. आदिलशाहीत फारसी-मराठी आणि कुतुबशाहीत फारसी-तेलुगू अशी दुभाषी फर्माने निघत. कंधार, औसा, उदगीर या किल्ल्यांच्या मुलखात देशपांडे आणि कुलकर्णी आपली दप्तरे मोडीत लिहीत. रयतेचा सरकारशी संबंध येई तो या दप्तरापुरता, आणि ते मराठीत असे. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफने 1784 साली हंगेरीत लॅटिन काढून जर्मन लादली, तेव्हा तिथेही असाच धडा मिळाला. लॅटिनला कुणाचा विरोध नव्हता, कारण ती कुणाचीच नव्हती. जर्मन मात्र एका गटाची होती. सहा वर्षांत, मरणापूर्वी, त्याला बहुतेक फर्माने मागे घ्यावी लागली.

हैदराबादेत हा बदल दोन पायऱ्यांनी झाला. पहिली पायरी भाषेची नव्हतीच. संस्थानाचे दिवाण पहिल्या सालारजंगांनी 1865 साली जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत आखणी, केली. मक्तेदारांकडचा वसूल सरकारकडे आला. तालुकदार, तहसीलदार, मुन्सिफ अशी साखळी उभी राहिली. पूर्वी दूर कुठेतरी असलेले सरकार आता कंधारच्या आणि औशाच्या कचेरीत बसू लागले. दुसरी पायरी त्यांच्या मृत्यूनंतरची. सालारजंगांनी स्वतः फारसी सोडली नव्हती, पण कारभार सुधारण्यासाठी त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून मोहसीन-उल-मुल्क, चिराग अली यांच्यासारखे अधिकारी आणले होते. त्या मंडळींची भाषा उर्दू. दुसऱ्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत, 1884 च्या सुमारास, दफ्तरे आणि अदालती फारसीवरून उर्दूवर आल्या. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. इंग्रजांनी आपल्या मुलखातून फारसी 1837 सालीच काढली होती. मेलेल्या दरबारी भाषेपेक्षा लोकांच्या तोंडी असलेली भाषा बरी, हा विचार चुकीचा नव्हता. पण राज्य खाली उतरत असतानाच राज्याची भाषा बदलली, आणि हे दोन्ही बदल एकमेकांना येऊन मिळाले. फारसी वर राहिली होती, कारण त्या काळी सरकारच वर होते. उर्दू मात्र जमिनीचा दावा, सावकाराचा खटला, सारामाफीचा अर्ज यांची भाषा झाली. पटवाऱ्याच्या गावदप्तरात मराठी टिकून राहिली, पण त्याच्या एक पायरी वर गेले की कागद वाचून घ्यायला माणूस शोधावा लागे.

यावर कुणी म्हणेल की विस्तारणाऱ्या राज्याला दुसरा मार्गच नव्हता. चार भाषांत कचेऱ्या चालवायच्या तर खर्च कुणी सोसायचा? याचे उत्तर लातूरपासून फार दूर नव्हते. हद्द ओलांडली की सोलापूर जिल्हा लागे, मुंबई इलाख्याचा. तिथला राज्यकर्ता निजामापेक्षा कितीतरी अधिक परका होता. तरीही तिथे इंग्रजी वरच्या पातळीवर थांबे आणि मामलेदार कचेरीचे काम मराठीत चाले. त्याच इलाख्यात अहमदाबादेत ते गुजरातीत आणि धारवाडात कन्नडमध्ये. इंग्रजांनी हे प्रेमापोटी केले नव्हते. स्थानिक भाषेत कारभार केला की वसूल सुरळीत होतो, हा त्यांचा साधा हिशेब होता. म्हणजे वर एक भाषा आणि खाली अनेक, ही व्यवस्था शेजारीच चालू होती. हैदराबादने ती पाहिली आणि घेतली नाही.

उस्मानिया विद्यापीठ हा या इतिहासातला सर्वांत मोठा आणि सर्वांत गुंतागुंतीचा पुरावा. संस्थानाचे अधिकारी अकबर हैदरी यांच्या टिपणावरून निजाम मीर उस्मान अली खानांनी 1917 साली फर्मान काढले आणि पुढच्या वर्षी विद्यापीठ स्थापन झाले. वैद्यक, कायदा, गणित, विज्ञान सगळे उर्दूत, आणि इंग्रजी एक सक्तीचा विषय म्हणून. मौलवी अब्दुल हक यांच्याकडे भाषांतर विभाग सोपवला गेला, परिभाषा ठरवण्यासाठी विद्वान बसवले गेले आणि शेकडो ग्रंथ उर्दूत आले. ज्या काळात मुंबई विद्यापीठात मराठीला अभ्यासक्रमात पुन्हा जागा मिळवण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना झगडावे लागले होते, त्याच्या थोड्याच वर्षांनंतर एका देशी भाषेत पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचे धाडस या राज्याने केले. त्याचे श्रेय हातचे राखून देण्यात काही अर्थ नाही. पण या धाडसानेच राज्याचा बचाव कोसळतो. मराठी, तेलुगू, कन्नड या भाषा उच्च शिक्षणाला असमर्थ आहेत, असे म्हणायची सोय आता उरली नव्हती. खजिना आणि इच्छा असली की भाषा समर्थ होते, हे राज्याने स्वतःच सिद्ध केले होते. हा खजिना भरला कुणी? शेतसाऱ्याने, आणि सारा भरणाऱ्यांत तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारेच जास्त. त्यांच्या भाषांना विद्यापीठात विभाग मिळाले, माध्यमाचे स्थान मिळाले नाही. प्राथमिक वर्गात मराठीला थोडीफार जागा होती. माध्यमिक शाळेपासून उर्दू. बिलोलीच्या मुलाला घरी मराठी किंवा तेलुगू, शाळेत उर्दू आणि वरती इंग्रजी असे तीन डोंगर चढावे लागत. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला त्यातला एक कमी. 1931 च्या जनगणनेत संस्थानातले साक्षर शंभरात पाचाच्या आसपास निघाले. याला केवळ भाषाच कारण नव्हती, गरिबी आणि शाळांची टंचाईही होती. पण असलेल्या मोजक्या शाळांचे दारसुद्धा उंच ठेवले गेले. म्हणूनच 1907 साली हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा निघाली, पुढे हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा नावारूपाला आली. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्यात आणि अंबाजोगाईत मुख्याध्यापक होते, हे लक्षात घेतले तर इथले स्वातंत्र्य आंदोलन शाळेच्या पडवीतून का बाहेर पडले ते समजते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उर्दू इथे परकी नव्हती. दख्खनी याच मातीतली. वली आणि सिराज हे कवी औरंगाबादचे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याभोवतीच्या पंजाबी माणसाला, मोंढ्यातल्या मारवाडी अडत्याला, तेलंगणातून आलेल्या गिरणी कामगाराला आणि लातूरच्या गंजातल्या लिंगायत व्यापाऱ्याला एकमेकांशी बोलायला हीच भाषा उपयोगी पडे. आणि तिने माणसेही घडवली. निलंग्यात 1910 साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू-फारसीत इतके मुरले की मोगल दरबाराची कागदपत्रे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे वाचता आली. शिवाय गोंडी आणि कोलामी शिकून त्यांनी त्या भाषांवर लिहिले. हे सगळे खरे आहे. पण बाजारात भाषा उचलणे आणि परीक्षेत ती उत्तीर्ण होणे यांत अंतर आहे. अडत्याची उर्दू मोडकी असली तरी सौदा पटे. कारकुनीच्या अर्जात मोडकी उर्दू चालत नसे. पगडींसारखी प्रतिभा कुठल्याही व्यवस्थेत वर येते, तिच्यावरून व्यवस्थेची किंमत करता येत नाही. उलट, लोकांनी आपखुशीने उचललेली भाषा सरकारने सक्तीची केली आणि तिच्याविषयीचा आपलेपणा घालवला, हीच या राज्याची खरी चूक.

या कथेत मराठी माणूस केवळ सोसणारा नव्हता. नोव्हेंबर 1921 मध्ये हैदराबादेत संस्थानातल्या समाजसुधारकांची परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू आणि मराठीतली भाषणे शांतपणे ऐकली गेली. अलमपल्ली व्यंकट रामाराव तेलुगूत बोलायला उठले, तेव्हा सभेतल्या इतर भाषकांनी हुल्लड केली. संस्थानातली सर्वांत मोठी भाषा, आणि तिचीच टवाळी. त्या अपमानातून आंध्र जनसंघ निघाला आणि 1930 पासून आंध्र महासभा. मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद 1937 साली परतूरला भरली, कर्नाटक परिषदही त्याच सुमारास. सरकारच्या भाषेचे ओझे सोसणाऱ्यांनीच आपापसांत तसेच वागावे, हे आपल्या इतिहासलेखनात सहसा सांगितले जात नाही. सांगायला हवे, कारण खरा झगडा भाषेचा नसून हिंदू-मुसलमानांचा होता, या म्हणण्याला इथेच उत्तर मिळते. धर्माचे ताण होतेच, 1938-39 च्या आर्य समाजी सत्याग्रहाने ते उघडे केले. पण राजकीय परिषदा धर्माच्या नव्हे, भाषेच्या रेषांवर उभ्या राहिल्या, आणि पहिली ठिणगी हिंदू श्रोत्यांनी हिंदू वक्त्याचा केलेला अपमान ही होती.

मग सामाईक भाषा खालपर्यंत उतरूच शकत नाही का? इंडोनेशियाचे उदाहरण याच्या उलट आहे. तिथल्या तरुणांनी 1928 साली मलाय भाषा स्वीकारली. ती थोड्यांचीच मातृभाषा होती, बंदरांची आणि व्यापाराची भाषा होती. पुढे ती शाळेत गेली, गावात गेली आणि टिकली. कारण सर्वांत मोठ्या जावानी समाजाने आपली भाषा पुढे रेटली नाही आणि मलाय शिकण्याचे कष्ट स्वतःही घेतले. ओझे सगळ्यांच्या डोक्यावर होते. भारताच्या त्रिभाषा सूत्रात हीच कल्पना होती, हिंदी प्रदेशांनी एखादी दक्षिणी भाषा शिकायची; ती त्यांनी बहुतांशी शिकली नाही. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. तो वाद हिंदीच्या द्वेषाचा ठरवणे सोपे आहे. हैदराबादचा इतिहास माहीत असणाऱ्याला त्यात एकतर्फी ओझ्याची जुनीच तक्रार ऐकू येईल.

1948 नंतर काही वर्षांतच उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी संस्थानाचे तीन तुकडे झाले. हे तुकडे किती बारकाईने पाडले ते पाहण्यासारखे आहे. बिदरमधून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर तालुके मराठी बाजूला आले. नांदेड जिल्ह्यातून मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे तेलुगू बाजूला गेली. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा तालुके आले. जे राज्य तालुक्यातही दुसऱ्या भाषेला जागा देत नव्हते, ते अखेर मंडळा-मंडळाने भाषांत वाटले गेले. वाटणीनंतरही किनवटच्या गोंड आणि कोलाम वस्त्यांत, बंजारा तांड्यांत, देगलूर-बिलोलीच्या तेलुगू गावांत मराठी ही सरकारचीच भाषा उरते. तिथल्या पहिलीच्या मुलाला आपण किती डोंगर चढायला लावतो, हे विचारण्याचे टाळून निजामाला नावे ठेवता येणार नाहीत.

भाषा बदलली की जुने कागद पोरके होतात, ही दुसरी किंमत मराठवाडा आज मोजतो आहे. मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडीतली निजामकालीन दप्तरे उघडावी लागली, आणि ती वाचणारी माणसे शोधण्याची वेळ आली. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने तर याच नोंदींसाठी निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरलाच चर्चेच्या मध्यभागी आणले. जमिनीचे वाद आणि इनामाची प्रकरणे याच कागदांवर अडतात. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे आणि त्याचे उपकेंद्र लातुरात आहे. दफ्तरी उर्दू आणि मोडी वाचनाचे पक्के अभ्यासक्रम या दोन ठिकाणी सुरू करावेत आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या शिकलेल्यांना नोकरी द्यावी. ही मागणी मराठी वाचकांनीच केली पाहिजे, कारण त्या दप्तरांत नावे त्यांच्याच आजोबा-पणजोबांची आहेत.