खाचेतली वीस

क्रिकेटचा सामना चालू असला की चहाच्या टपरीपासून सरकारी कचेरीपर्यंत एकच प्रश्न फिरतो: 'स्कोअर काय झाला?' विचारणाऱ्याला धावांचा आकडा हवा असतो आणि तो मिळाला की त्याचे काम भागते. पण इंग्रजी शब्दकोशात याच शब्दाच्या छपराखाली जे कुटुंब नांदते ते पाहिले, तर ही सगळी माणसे एका घरात आली कशी, याचे नवल वाटते. स्कोअर म्हणजे खेळातले गुण, आणि स्कोअर म्हणजे वीस. स्कोअर म्हणजे दारूच्या गुत्त्यावरची उधारी, आणि कधीतरी वसूल करायचे जुने वैरही. स्कोअर म्हणजे वाद्यवृंदाची स्वरलिपी, चित्रपटाचे पार्श्वसंगीत, आणि पुठ्ठा सरळ मुडपावा म्हणून त्यावर सुरीने ओढलेली चीरसुद्धा. आपण साधारणपणे असे धरून चालतो की आकड्याचा शब्द आधी आकडाच असणार आणि बाकीचे अर्थ त्याला मागाहून चिकटले असणार. या शब्दाच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे. वीस हा त्याचा पाया नाही, ती त्याची एक फांदी आहे. पाया आहे तो लाकडावर मारलेल्या खाचेचा. मोजताना तोंडाने जे म्हटले जाते त्यातून हा आकडा आलेला नाही. मोजलेले विसरू नये आणि कोणाला नाकारता येऊ नये म्हणून जी खूण केली जाते, तिच्यातून तो आला आहे.

शब्दाचा माग काढत गेले की आपण स्कँडिनेव्हियात पोहोचतो. जुन्या नॉर्स भाषेत 'स्कोर' म्हणजे खाच, हिशेबाची काठी आणि वीस. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात नॉर्स बोलणारे लोक वसले, त्यांच्याबरोबर हा शब्द आला आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लिखाणात दिसू लागला. त्याच्याही मागे जो मूळ धातू भाषाशास्त्रज्ञ मानतात त्याचा अर्थ 'कापणे' असा आहे. मेंढीची लोकर कातरण्याचा इंग्रजी शब्द, वाटा या अर्थाचा 'शेअर', आखूड या अर्थाचा 'शॉर्ट' ही सगळी त्याचीच लेकरे. संस्कृतातले 'कृन्तति', 'कर्तरी' आणि त्यांच्यावरून आलेली आपली कात्री हीही त्याच गोतावळ्यातली. म्हणजे शिंप्याच्या हातातली कात्री आणि फलकावर झळकणारा स्कोअर हे दूरचे भाऊबंद ठरतात. इथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा शब्द इंग्लंडात आला तेव्हा वीस मोजायला इंग्रजीत शब्द नव्हता असे नाही. आजच्या 'ट्वेंटी'चे जुने रूप कधीपासून रुळलेले होते. मग त्याच संख्येला दुसऱ्या नावाची गरज का पडावी? मोजण्यासाठी ती नव्हतीच. गरज होती ती नोंदीसाठी.

ही नोंद कशी होत असे ते जवळून पाहता येते, कारण इंग्लंडच्या राजखजिन्याने तिची पद्धत लिहून ठेवली आहे. एक्सचेकर नावाच्या या खात्यात पटावर सोंगट्या मांडून हिशेब होई आणि पैसे भरल्याची पावती लाकडाची असे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकात या खात्याच्या कारभारावर लॅटिनमध्ये एक संवादग्रंथ लिहिला. त्यात खाचांची मापे दिली आहेत. हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभरासाठी अंगठ्याच्या रुंदीची, वीस पौंडांसाठी करंगळीएवढी, एका पौंडासाठी टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. शिलिंगाची खाच त्याहून अरुंद, आणि पेनीसाठी लाकडाचा कपचाही न काढता नुसता सुरीचा काप. काठी बहुधा हेझल झाडाची. खाचा मारून झाल्या की ती उभी चिरायची, म्हणजे प्रत्येक खाच दोन्ही फाळक्यांवर अर्धी अर्धी राही. मुठीकडचा लांब भाग पैसे देणाऱ्याकडे जाई, त्याला 'स्टॉक' म्हणत. आखूड भाग घेणाऱ्याकडे राही. पुढे वाद उठला तर दोन्ही फाळके एकमेकांवर बसवायचे. एकाने चोरून खाच वाढवली तर दुसऱ्याच्या फाळक्यावर तिची जोड मिळणार नाही, आणि लाकडाच्या नैसर्गिक रेषा जुळल्या नाहीत तर काठीच खोटी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही बोटाने चाचपून खात्री करता येईल असा हा दस्तऐवज होता. आणि या मापांत शंभराच्या खालची पहिली पायरी दहाची नाही, विसाची आहे. काठीवर वीस म्हणजे वीस खुणा नव्हेत, ती एक रुंद खाच आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. वीस ही संख्या माणसाच्या अंगावरच आहे: दहा बोटे हातांची, दहा पायांची. मग तिच्यासाठी काठी आणि सुरी कशाला शोधायची? आक्षेपाला पुरावाही भरपूर आहे. फ्रेंच माणूस आजही ऐंशीला 'चार वीस' म्हणतो. तेराव्या शतकात नवव्या लुईने पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी जो आश्रम उभारला त्याचे नावच 'पंधरा वीस' असे आहे, आणि त्या नावाचे नेत्ररुग्णालय आजही चालू आहे. डॅनिश भाषेतली पन्नास ही संख्या 'अडीच वेळा वीस' अशा अर्थाची आहे. उत्तर इंग्लंडचे मेंढपाळ 'यान, टॅन, टेदरा' अशी मेंढरे मोजत विसापर्यंत जात आणि पुन्हा एकपासून सुरू करत. आपल्याकडेही 'पाच विसा शंभर' हा हिशेब खेड्यापाड्यांत परका नाही. हे सगळे मान्य केले तरी मूळ मुद्दा ढळत नाही. विसाचा गठ्ठा का, याचे उत्तर हातापायांची बोटे देतील. पण त्या गठ्ठ्याला 'खाच' हे नाव का, याचे उत्तर बोटांकडे नाही. संख्या शरीराने दिली, नाव सुरीने दिले. मेंढपाळ विसापर्यंत मोजून पुन्हा एकवर येतो, त्या क्षणी किती विशा झाल्या हे लक्षात ठेवण्याचे काम जिभेच्या आवाक्याबाहेर जाते आणि तिथे खूण लागते. मराठीत वीस आणि कोडी हे दोन शब्द असेच वेगळे राहिले. कोडीचाही अर्थ वीसच, पण वय सांगताना कोणी कोडी म्हणत नाही. कोडी मालाची असते. पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा 'कोर्जा' हा विसाच्या गठ्ठ्यासाठीचा शब्दही भारतातूनच गेलेला, असे जाणकार मानतात. मोजण्याचा शब्द एक आणि व्यवहाराचा दुसरा, ही विभागणी काही इंग्रजीची मिरास नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. फिट्झनीलचा ग्रंथ बाराव्या शतकातला, आणि शब्द त्याच्या आधी शंभरेक वर्षे इंग्रजीत आलेला. नॉर्समध्ये तर खाच आणि वीस हे दोन्ही अर्थ आधीपासून शेजारी शेजारी होते. मग खाचेवरून वीस आली, विसावरून खाच नव्हे, हे कशावरून? यात तथ्य आहे. एक्सचेकरच्या काठ्या शब्दाच्या जन्माच्या साक्षीदार नाहीत, विसासाठी रुंद खाच मारण्याची रीत प्रत्यक्षात होती एवढेच त्या सांगतात. पण दिशा ठरवायला दुसरे दोन आधार आहेत. एक म्हणजे धातूचा अर्थ: 'कापणे' या अर्थाची लेकरे अनेक भाषांत पसरली आहेत, 'वीस' हा अर्थ मात्र एका कोपऱ्यातच सापडतो. जो अर्थ सर्वत्र आहे तो जुना आणि जो एकाच घरात आहे तो त्या घरात जन्मलेला, असे मानणेच रास्त. दुसरा आधार असा की ज्या भाषांनी हा शब्द घेतला नाही, त्याही याच वाटेने गेल्या. हिशेब या अर्थाचा 'टॅली' हा शब्द काठी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. फ्रेंचमध्ये 'ताय' म्हणजे काप, आणि राजाने रयतेवर बसवलेला करही. जर्मन माणूस एखाद्याच्या नावावर काही गुन्हा जमा आहे असे सांगताना अजूनही 'त्याच्या खाचांच्या काठीवर काही आहे' असे म्हणतो. आपल्याकडे तर पुरावा रोजच्या बोलण्यात आहे. लेखा या शब्दातला 'लिख्' धातू मुळात ओरखडण्याचा, आणि रेघ त्याच्याच भावकीतली. लेखाजोखा म्हणताना आपण एक ओरखडा आणि एक तराजू अशी दोन हत्यारे एकदम उचलतो. इतक्या भाषांना हिशेबासाठी कापण्याचाच शब्द सुचावा, हा योगायोग वाटत नाही.

एकदा खाच पाया धरली की विस्कळीत दिसणारे अर्थ आपोआप जागेवर बसतात. खाच म्हणजे देण्याघेण्याची नोंद, म्हणून स्कोअर म्हणजे उधारी. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री' नाटकाच्या दुसऱ्या भागात बंडखोर जॅक केड छापखान्यावर चिडतो, तेव्हा पूर्वजांना खाच आणि काठी याखेरीज दुसरी पुस्तके ठाऊक नव्हती अशी त्याची तक्रार असते. निरक्षर माणसाच्या लेखी हेच खरे वहीखाते होते. उधारीची खाच फिटली नाही की ती मनात राहते, म्हणून स्कोअर फेडणे म्हणजे सूड घेणे. आपण 'हिशेब चुकता करीन' अशी धमकी देतो तेव्हा हीच उडी मारतो. क्रिकेटचा स्कोअर तर रूपकसुद्धा नाही. अठराव्या शतकात मैदानाच्या कडेला बसलेला माणूस प्रत्येक धावेला काठीवर खाच मारी, आणि त्या काळच्या वृत्तांतांत धावांना सरळ 'खाचा' म्हटलेले आढळते. सेव्हनओक्स येथे १७७६मध्ये छापील धावपत्रके निघाली, आणि मग कुठे काठी हातातून सुटू लागली. संगीतात वेगवेगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र बांधणारी उभी रेघ सर्व ओळींतून आरपार ओढतात. त्या चिरेवरून स्वरलिपीला हे नाव पडले. या सगळ्या अर्थांना वीस हा पाया दिला, तर यातला एकही अर्थ लागत नाही.

काठीचा शेवट नाट्यमय झाला. संसदेने १७८२मध्ये ती बंद करण्याचा कायदा केला, पण जुने अधिकारी असेपर्यंत पद्धत चालू राहिली आणि १८२६मध्ये थांबली. साठलेल्या काठ्या वेस्टमिन्स्टरमध्ये पडून होत्या. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन गाड्या भरून काठ्या उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत दिवसभर जाळल्या. नळकांडी तापली आणि संध्याकाळपर्यंत संसदेची दोन्ही सभागृहे पेटली. या काठ्या गोरगरिबांना सरपण म्हणून का दिल्या नाहीत, असा टोला चार्ल्स डिकन्सने १८५५च्या भाषणात मारला. या आगीपेक्षा शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढे आहे. काठीच्या जागी कागद आणि भारतातून अरबांमार्फत गेलेले दशमान अंक आले, तसा विसाचा अर्थ रोजच्या व्यवहारातून मागे सरकत गेला. अमेरिकी अध्यक्ष लिंकनने १८६३मध्ये गेटिसबर्गच्या भाषणात सत्त्याऐंशी वर्षे विशांमध्ये सांगितली तेव्हा ती भाषा बायबलच्या इंग्रजी भाषांतराची आठवण देणारी, समारंभाची होती, बाजाराची नव्हती. आज 'स्कोअर्स' म्हटले की 'पुष्कळ' एवढेच कळते. वीस पाया असती, तर ती आधी हलली नसती. हलली ती फांदी, आणि नोंदीचा अर्थ मात्र दिवसेंदिवस फोफावत गेला.

शेवटचा आक्षेप असा निघेल की व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आज टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या मनात ना काठी असते ना सुरी, मग तिचे काय घेऊन बसायचे? शब्दाने आपल्या जन्माशी कायम इमान राखावे, असा आग्रह अर्थातच चुकीचा आहे. पण जुना अर्थ जिथे शब्दाच्या पाठीमागे काम करत राहतो, तिथे तो ओळखण्याचा फायदा होतो. आज मराठी घरात क्रिकेटखालोखाल हा शब्द ऐकू येतो तो कर्जाच्या संदर्भात. 'सिबिल स्कोअर किती?' या प्रश्नावर घरापासून ट्रॅक्टरपर्यंतचे कर्ज अडते किंवा सुटते. ३०० ते ९०० यांमधला हा तीन अंकी आकडा म्हणजे हप्ता वेळेवर भरला की चुकवला यांच्या खाचांची बेरीज. हजार वर्षांची भटकंती करून शब्द पुन्हा देणेकऱ्याच्या दारात आला आहे. फरक आहे तो काठीच्या रचनेत. जुनी काठी चिरली जाई, आणि देणाऱ्याघेणाऱ्या दोघांकडे त्याच खाचेचा अर्धा अर्धा भाग राही. मोजणी एकाची आणि विश्वास दुसऱ्याचा, असा तो व्यवहार नव्हता. आजचा कर्जदार वर्षातून एकदा आपला अहवाल मोफत मागवू शकतो, चूक दिसली तर तक्रारही करू शकतो. पण त्याच्या हाती येते ती दुसऱ्याने ठेवलेल्या नोंदीची नक्कल. तिच्यावर बसवून पाहायला त्याच्याजवळ स्वतःचा फाळका नसतो.